होय, ही रडगाणीच आहेत!

गेल्या श्रावणात आमच्या शाळेत एका वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय होता 'यशाची गुरुकिल्ली'. वक्ते तरुण होते, आवाज खणखणीत होता, आणि मुलांना जागेवर खिळवून ठेवण्याची जी कला मला वीस वर्षांत साधली नाही ती त्यांना पहिल्या पाच मिनिटांत साधली होती. त्यांच्याविषयी माझे मत चांगले होऊ लागले होते. एवढ्यात ते म्हणाले, "मुलांनो, आजपासून एक नियम करा. दुःखी गाणी ऐकायची नाहीत. रडगाणी ऐकणारा माणूस आयुष्यात कधी उभा राहत नाही!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी सर्वांना उभे केले, हात वर करायला लावले आणि मोठमोठ्याने हसायला सांगितले. सारी शाळा हसली.

शेवटच्या रांगेत नववीतला एक मुलगा होता. त्याचे वडील तीन वर्षांपूर्वी कामासाठी मुंबईला गेले. आधी त्यांनी पैसे पाठवणे थांबवले, मग फोन उचलणे थांबवले. तो मुलगाही हात वर करून हसत होता. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. ते हसणे मी पाहिले आणि माझे डोके फिरले.

शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना मी वक्त्यांपाशी विषय काढला. ते नम्रपणे म्हणाले, "सर, रडगाण्यांनी आजवर कुणाचे भले झाले, तेवढे एक सांगा." मी तोंड उघडणार तोच घंटा झाली. मास्तराला चांगले उत्तर सुचते ते नेहमी घंटा झाल्यावर! ते उत्तर आता दिवाळी अंकातून देतो आहे. सणासुदीला हा कसला विषय, असे वाचकांनी म्हणू नये. शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय ते म्हणावे.

रडगाण्यांवर खटला भरायचाच तर तो किरकोळ आरोपीवर कशाला? सगळ्यांत अट्टल आरोपी पिंजऱ्यात उभा करू. माझ्या माहितीत तो आरोपी म्हणजे टँगो. टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते सिनेमातले नृत्य: काळा पोशाख, तोंडात गुलाब, आणि झटक्याने वळवलेल्या माना. परंतु टँगो हे गाणेही आहे. आणि ज्या गाण्यांत इतक्या बायका सोडून गेल्या, इतके मित्र फिरले, इतकी घरे पडली आणि इतके पेले रिकामे झाले, अशी गाणी दुसरीकडे सापडणे कठीण. तेव्हा आरोपी मोठा आहे याविषयी वाद नको.

या गाण्यांशी माझा संबंध काय, असे कुणी विचारील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. स्पॅनिश मला येत नाही. जे समजले ते भाषांतरे आणि कोश घेऊन, बोट ठेवून वाचत समजले. परंतु ऐकणे फार आधीचे. माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. एका सफरीत त्यांनी ब्यूनस आयर्स बंदरातून दोन तबकड्या आणल्या. एका दिवाळीत, पहाटेची अभ्यंगस्नाने उरकल्यावर, त्यांतली एक त्यांनी लावली. आजी फराळाची ताटे मांडत होती. ती म्हणाली, "सणाच्या दिसा ह्यां काय रडणां लावलंस रे?" मामा म्हणाले, "आये, ह्यां रडणां नाय. ह्यां घराक येणां." मामांनाही स्पॅनिश येत नव्हते, बंदरावरच्या कुणीतरी त्यांना अर्थ सांगितला होता. आजी आणि मामा यांचा तो वाद मी आज पुढे चालवीत आहे एवढेच.

आता आरोपीचे कुळ पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लाता नदीच्या मुखाशी, ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या दोन बंदरांत, टँगो वाढला. इटली आणि स्पेनमधून माणसांनी भरलेली जहाजे तेथे लागत होती. १९१४ च्या खानेसुमारीत ब्यूनस आयर्सची वस्ती पंधरा लाखांच्या वर गेली होती, आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता. येणाऱ्यांत पुरुष पुष्कळ, बायका थोड्या. राहायला 'कोन्वेन्तिज्यो', म्हणजे मधल्या अंगणाभोवती एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. आपल्या चाळीचीच ती बहीण. हे लोक ज्या बोलीत भांडत आणि प्रेम करीत ती लुन्फार्दो. त्यांच्या गाण्याला साथ करी ते बांदोनेऑन हे जर्मनीतून आलेले भात्याचे वाद्य. त्याचा आवाज आपल्या पेटीच्या दूरच्या नात्यातला, पण अधिक घोगरा. घर मागे टाकून आलेल्या लाखो माणसांनी एका शहरात गोळा व्हावे आणि त्यांच्या गाण्यांत ताटातूट नसावी, अशी अपेक्षा फक्त यशाची गुरुकिल्ली विकणाराच करू शकेल!

तरीही प्रारंभीच्या टँगोत रडणे नव्हते हे मान्य केले पाहिजे. तेव्हाचे शब्द फुशारकीचे किंवा चावट असत. रडणे आले ते १९१७ साली. साम्युएल कास्त्रिओता याच्या एका चालीवर पास्कुआल कोंतुर्सी याने शब्द बसवले, आणि कार्लोस गार्देल नावाच्या गायकाने ते गाइले. गाण्याचे नाव 'मी नोचे त्रिस्ते', म्हणजे 'माझी दुःखी रात्र'. बायको म्हणा, सखी म्हणा, ती सोडून गेली आहे. माणूस खोलीत एकटा आहे. कपाटात गिटार मुकी टांगली आहे. आरसा धुरकट झाला आहे, जणू तोही रडला असावा. दिव्याला जळण्याची इच्छा उरलेली नाही. सगळे खरे, रडगाणे म्हणतात ते हेच.

परंतु वाचकहो, त्या खोलीत नीट पाहा. तो माणूस रोज संध्याकाळी बिस्किटे घेऊन येतो. ती असताना दोघे माते पीत, म्हणजे तिकडचा तो पानांचा कढा, आणि त्याबरोबर बिस्किटे खात. आता खाणारी नाही, तरी तो आणतो. रात्री निजताना त्याला दार लावून घेववत नाही. दार उघडे असले तर ती येईल असे वाटत राहते, म्हणून. या ठिकाणी कोंतुर्सीने जो शब्द वापरला आहे तो 'इलुसिओन'. मी कोश उघडला आणि थांबलो. स्पॅनिशमध्ये त्या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक भ्रम, आणि दुसरा हुरहुरती आशा. त्या भाषेने दोहोंना एकच शब्द ठेवला. निवाडा ऐकणाऱ्यावर सोपवला. आमचे वक्ते म्हणतील, भ्रम. मी म्हणतो, ज्याची आशा खरोखर मेली तो दार लावून कडी घालतो आणि घोरतो. त्याचे गाणे होत नाही.

माझे म्हणणे एवढ्यात आले. टँगो आशेविरुद्ध नाही. 'सगळे छान होईल' हे खोटे आश्वासन न देता आशा जेवढी शिल्लक राहते, तेवढी तो मोजून दाखवतो. ती थोडी असते, पण खणखणीत असते.

दुसरा पुरावा देतो. सेलेदोनिओ फ्लोरेस हा कवी तरुणपणी मुष्टियुद्ध खेळत असे. त्याचे १९२३ चे गाणे 'मानो आ मानो'. भावार्थ, 'आपला हिशेब मिटला'. गरिबीत साथ देणारी बाई श्रीमंताच्या मागे गेली आहे. सोडलेला पुरुष तिला टोमणे मारतो, तिच्या नव्या थाटाची टवाळी करतो, आणि एके दिवशी तुझीही मोडक्या जुन्या सामानासारखी गत होईल असे बजावतो. येथपर्यंत गाणे कडवट आहे, किंबहुना दुष्टही आहे. पण शेवट काय? त्या दिवशी तुझ्याजवळ आशेचा कणही नसेल, तेव्हा सल्ला लागला, मदत लागली, तर या जुन्या मित्राची आठवण कर. तो जिवावर उदार होऊन येईल! ज्याने एवढा वेळ विष ओकले त्याच्याच तोंडून हे निघते. तिची आशा संपेल तेव्हा माझ्याकडची देईन, असे म्हणणारा माणूस उभा आहे की पडलेला? वक्त्यांनीच सांगावे.

आणि तिसरा पुरावा मामांच्या तबकडीचा. गार्देलचा जन्म १८९० साली फ्रान्समधल्या तुलूझ येथे झाला असे त्याच्या जन्मदाखल्यावरून मानतात. उरुग्वेचे लोक मात्र तो आमचा म्हणून आजही भांडतात. अविवाहित आई त्याला लहानपणीच घेऊन ब्यूनस आयर्सला आली आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने त्याला वाढवले. १९३५ साली 'एल दिआ के मे किएरास' या चित्रपटासाठी आल्फ्रेदो ले पेरा याने लिहिलेले 'वोल्वेर' तो गाइला. वोल्वेर म्हणजे परतणे. वीस वर्षांनी एक माणूस आपल्या गावी परत येतो आहे. दुरून दिवे लुकलुकताना दिसतात. कानशिलावरचे केस पिकले आहेत. मागे सोडलेल्या गोष्टी समोर येतील म्हणून तो घाबरला आहे. विस्मरणाने सगळ्या जुन्या आशा पुसून टाकल्या, असे तो स्वतःच म्हणतो. आणि तरीही एक लहानशी आशा त्याने कुठेतरी लपवून ठेवली आहे, तीच त्याची सारी पुंजी. त्याच वर्षी, २४ जून १९३५ रोजी, कोलंबियातल्या मेदेयिन येथील विमान अपघातात गार्देल आणि ले पेरा दोघेही गेले. परतण्याचे गाणे गाणारा परत आला तो १९३६ च्या फेब्रुवारीत, शवपेटीतून. चाकारिता स्मशानभूमीत त्याचा पुतळा आहे, आणि लोक आजही त्याच्या हातात पेटती सिगारेट ठेवून जातात. हे लोक रडून रडून आडवे झाले असते तर तेवढे चालत जाण्याचे त्राण त्यांना कोठून आले असते?

आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत मोठा वकील. तो आमचे वक्ते नव्हेत. तो होर्हे लुइस बोर्हेस, अर्जेंटिनाचा जगप्रसिद्ध लेखक. टँगोचा इतिहास त्याने लिहिला. तो 'एव्हारिस्तो कार्रिएगो' या त्याच्या पुस्तकाच्या १९५५ च्या आवृत्तीत आहे. १९६५ साली त्याने टँगोवर चार व्याख्याने दिली, ती २०१६ साली पुस्तकरूपाने आली. त्याला आवडे तो जुना टँगो: सुरा चालवणाऱ्या गुंडांचा, बेदरकार, हसत मरणारा. गार्देलने आणि इटलीहून आलेल्यांनी त्यात रडणे घुसवले आणि त्याचा पौरुषाचा कणा मोडला, असा त्याचा आक्षेप. बोर्हेसपुढे मी कोण? त्याच्या घरातल्या कपाटातली पुस्तकेही माझ्यापेक्षा जास्त शिकलेली असतील. तरीही बोलतो, कारण या बाबतीत त्याचे चुकले.

बोर्हेसचे आजोबा कर्नल होते. ते १८७४ साली लढाईत पडले. ज्याच्या घरात तलवार टांगलेली असते त्याला शौर्य म्हणजे तलवारच वाटते. परंतु गल्लीच्या तोंडाशी सुरा काढून उभे राहायला पाच मिनिटांचे धैर्य पुरते. सोडून गेलेल्या माणसासाठी रोज संध्याकाळी बिस्किटे विकत आणायला किती धैर्य लागते? समुद्र ओलांडून, आईला पुन्हा पाहायला मिळणार नाही हे जाणून, परक्या बंदरात उतरायला किती लागते? त्या इटालियन हमालांना आणि गवंड्यांना रडायची लाज वाटली नाही, कारण शौर्य करून झाले होते. लाज वाटते ती शौर्याच्या गोष्टी ऐकून मोठ्या झालेल्यांना!

परंतु वकिली करताना आरोपीचे खरे गुन्हे लपवणे हा माझा धर्म नव्हे. टँगोचा पहिला गुन्हा स्त्रीवरचा आहे. या गाण्यांतली बाई एकतर आई असते, नाहीतर दगलबाज. ती का गेली, हे तिला क्वचितच विचारले जाते. 'मी नोचे त्रिस्ते'मधल्या त्या खोलीत ती कशी राहत होती, दार उघडून जाताना तिच्या मनात काय होते, ते आपल्याला कळत नाही. मारिआ लुइसा कार्नेल्ली हिने चांगली टँगो गीते लिहिली, पण ती लुइस मारिओ आणि मारिओ कास्त्रो अशा पुरुषी टोपणनावांनी. आसुसेना मायसानी रंगमंचावर कधीकधी पुरुषाच्या वेषात गाई. एलादिआ ब्लास्केस (१९३१ ते २००५) हिने स्वतःच्या नावाने शब्दही लिहिले आणि चालीही बांधल्या, पण तोवर टँगोची ऐन भरभराट ओसरली होती. हा डाग आहे. तो धुण्याचा मी प्रयत्न करीत नाही.

दुसरा गुन्हा असा की काही गाण्यांत आशा औषधालाही नाही. एन्रिके सांतोस दिसेपोलो याचे 'यीरा, यीरा' घ्या. गार्देलने ते १९३० साली ध्वनिमुद्रित केले. जगभर मंदी सुरू झाली होती, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. जग फिरत राहते, तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही, मदतीची वाट पाहू नकोस, हा त्या गाण्याचा सूर. पुढे १९३४ साली त्यानेच 'काम्बालाचे' लिहिले, म्हणजे जुनाबाजार. त्यात सारे शतकच भंगाराचे दुकान झाले आहे: बायबल आणि पाणी तापवायचा बंब शेजारी शेजारी, गाढव आणि प्राध्यापक एका भावाने. येथे मी हात टेकू? नाही. त्या गाण्यात दिसेपोलो उदास नाही. तो संतापलेला आहे. गाढव आणि प्राध्यापक एकाच मापाने मोजले जातात याचा राग कोणाला येतो? दोन मापे असायला हवीत असे ज्याला अजून वाटते त्याला. आशा सोडलेला माणूस खांदे उडवतो, संतापत नाही.

आशा खरोखर संपते ती कशी, हेही दिसेपोलोनेच दाखवले आहे. १९४३ साली मारिआनो मोरेसच्या चालीवर त्याने 'उनो' लिहिले. म्हणजे 'एक जण'. एका फसवणुकीने ज्याचे काळीज रिते झाले, अशा माणसाला आता खरोखर माया करणारी बाई भेटली आहे, आणि तिला द्यायला त्याच्यापाशी काळीजच उरलेले नाही. प्रेमभंगाची गाणी शेकड्यांनी सापडतील. प्रेम दारात आले असता ते घेण्याची ताकद हरवल्याचे गाणे मी हे एकच जाणतो. ते ऐकून मी तरुणपणाच्या माझ्या दोन कादंबऱ्यांचे शेवट मनातल्या मनात पुसून टाकले.

सत्ताधाऱ्यांना ही गाणी कशी वाटत? ४ जून १९४३ रोजी पुन्हा लष्कर आले, आणि नभोवाणीवर लुन्फार्दो बोलीला मज्जाव झाला. गाण्यांचे शब्द बदलले, नावे बदलली. 'लोस मारेआदोस' म्हणजे 'झिंगलेले'. त्याचे 'माझ्या भूतकाळात' असे सोज्वळ नामकरण झाले. रडगाण्यांनी माणूस लुळा पडत असता तर सेनापतींना ती हवीशी वाटली असती. लुळ्या माणसांवर राज्य करणे सोपे असते. त्यांना भीती वाटली, कारण आपल्या बोलीत आपले दुःख नेमके सांगणारा माणूस उद्या त्या दुःखाचे कारणही नेमके सांगू लागतो.

१९४८ साली ओमेरो मान्सी याने आनिबाल त्रोइलोच्या चालीवर 'सूर', म्हणजे 'दक्षिण', लिहिले. शहराच्या दक्षिणेकडची जुनी वस्ती, लोहाराचा कोपरा, चिखल, आणि तेथे भेटणारी एक मुलगी. वस्ती बदलली, मुलगी नाही. १९५१ साली मान्सी गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस दिसेपोलोही गेला. पण सान हुआन आणि बोएदो हे ज्या रस्त्यांचे नाव त्या गाण्यात आहे, त्यांच्या चौकाला आज मान्सीचे नाव आहे. हरवलेल्या वस्तीसाठी तो रडला, म्हणून ती वस्ती नकाशावर राहिली. २००९ साली अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी मिळून मागणी केली आणि युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या वारशात घेतले. रडगाण्यांनी कुणाचे भले झाले, असे वक्त्यांनी विचारले होते. दोन देशांचे झाले, असे मी नम्रपणे नमूद करतो.

परंतु मला देशांशी कर्तव्य नाही. मला नववीच्या वर्गाशी कर्तव्य आहे. व्याख्यानानंतर आठ दिवसांनी माझा मोकळा तास होता. मी मुलांना 'मी नोचे त्रिस्ते'ची हकीकत सांगितली: खोली, गिटार, बिस्किटे, उघडे दार. वर्ग गप्प होता. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, आणि तो त्याच मुलाचा होता:

"सर, पण दार उघडं ठेवून झोपला, आणि चोर आला तर?"

सगळा वर्ग खो खो हसला. मी हसलो. तोही हसला. मग हसू ओसरल्यावर त्याने हळूच विचारले, "मग त्याने किती दिवस उघडं ठेवलं?" मी म्हणालो, "गाण्यात सांगितलेलं नाही." त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले ते मी पाहिले नाही.

त्याचे वडील परत येतील असे मी त्याला सांगितले नाही. ते मला ठाऊक नाही. येणार नाहीत असेही सांगितले नाही. परंतु त्याच्यासारखाच दूर देशी कुणीतरी दाराकडे पाहत पडला होता, त्याने ते लपवले नाही, आणि त्याचे गाणे शंभर वर्षांहून अधिक काळ लोक गात आले, एवढे त्याला कळले. हात वर करून हसण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगाचे वाटते.

तेव्हा वक्तेमहाशय, पुढच्या श्रावणात आपण पुन्हा याल. अवश्य या, शाल आणि नारळ तयार आहे. पण मुलांना हसवण्याआधी एकदा शेवटच्या रांगेत येऊन बसा. आणि आपण सारे वाचक या दिवाळीत पणत्या लावाल, तेव्हा एक उंबऱ्यावर ठेवायला विसरू नका. आमच्या आजोळी ती असे. ती कोणासाठी, हे आजीला कधी विचारावे लागले नाही; त्या वेळी मामा समुद्रावर असत.